राखाडी पॅरिस, रंगीत पॅरिस आणि सिद्धगड

'द सॅबटूर' हा व्हिडिओ गेम डिसेंबर २००९मध्ये बाजारात आला, तेव्हा तो घडवणारा स्टुडिओ अस्तित्वातच नव्हता. पँडेमिक स्टुडिओज हे त्याचे नाव. मालक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १७ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे प्रकाशनाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, लॉस एंजेलिसमधल्या या स्टुडिओला टाळे लावले. पुस्तक बांधणीला गेलेले असताना लेखकाने जग सोडावे, तसा हा प्रकार. या गेमची चर्चा त्यामुळे फार झाली नाही. त्याचा दुसरा भाग आला नाही, आणि पुढे कधी त्याचा उल्लेख झालाच तर 'ग्राफिक्स कार्डावर बंद पडणारा गेम' किंवा 'काळ्या-पांढऱ्या पॅरिसचा गेम' असा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे मला वाटते. तो काय आहे आणि ठाणे जिल्ह्यात बसून हा गेम खेळणाऱ्याला त्यातून काय हाती लागते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

व्हिडिओ गेमला साहित्याच्या पंगतीत पाट मांडावा का, हा वाद मी इथे घालणार नाही. डोंबिवली, कल्याण, ठाण्यातली एक अख्खी पिढी ज्या कथा मनात घेऊन वाढली त्यांतल्या निम्म्या कथा तिने वाचलेल्या नाहीत, खेळलेल्या आहेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहून जुने, १८६४चे. दोन्हीकडे कादंबरीवरची समीक्षा शोधायला गेलात तर कपाटे भरलेली मिळतील. या पिढीने खेळलेल्या कथांबद्दल मराठीत चार ओळी सापडणे मुश्कील. एवढे कारण मला पुरेसे आहे.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. १९४०. शॉन डेव्हलिन हा आयरिश मेकॅनिक शर्यतीच्या गाड्याही हाकतो. सारब्रुकेनच्या शर्यतीत कुर्ट डीर्कर हा नाझी चालक लबाडीने त्याला हरवतो. सूड म्हणून शॉन आणि त्याचा मित्र ज्यूल रात्री डीर्करच्या गाडीची वाट लावायला जातात आणि पकडले जातात. डीर्कर छळ करून ज्यूलला मारतो, शॉन निसटतो. जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरतात. पॅरिसमध्ये एका नाचगाण्याच्या क्लबच्या आश्रयाला राहणारा शॉन भूमिगत चळवळीसाठी सुरुंग लावू लागतो, मनात मात्र डीर्करच असतो. हा 'ओपन वर्ल्ड' गेम आहे, म्हणजे कथेचे टप्पे ठरलेले असले तरी खेळाडूला शहरभर, शहराबाहेरच्या शेतांमधून, थेट ल हाव्रच्या बंदरापर्यंत हवे तसे भटकता येते. कथेकडे पाठ फिरवून दहा दिवस नुसते मनोरे उडवत बसलात तरी कोणी विचारत नाही.

गेमच्या नावापाशी थोडे थांबू. 'सॅबटूर' हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याला मराठी प्रतिशब्द 'घातपाती', आणि तिथेच अडचण होते. मराठीत 'घातपात' हा शब्द कायम दुसऱ्याने केलेल्या कृत्यासाठी येतो. रुळावर काही सापडले की 'घातपाताचा संशय'. आपल्या माणसाने तेच केले तर आपण म्हणतो, 'तारा तोडल्या', 'रूळ उखडले', 'भूमिगत झाले'. बेचाळीसच्या आठवणी सांगणाऱ्या कुठल्याही वृद्धाने 'मी घातपाती होतो' असे म्हटलेले मी ऐकलेले नाही. भाषेने ही सोय करून ठेवली आहे, कारण कृत्य तेच असते आणि पोलिसांच्या कागदात एका नावाने, गावाच्या आठवणीत दुसऱ्या नावाने राहते. या गेमला शीर्षकापासूनच तो अवघडलेपणा नाही. त्याचा नायक सुरुंग लावण्यात आनंद मानतो आणि खेळाडूनेही तो मानावा अशी व्यवस्था करतो.

ती व्यवस्था कशी आहे? नकाशा उघडला की त्यावर ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक लक्ष्य. टेहळणीचा मनोरा, प्रचाराचा कर्णा, प्रकाशझोताचा दिवा, विमानविरोधी तोफ. अशी लक्ष्ये हजाराहून अधिक आहेत. जवळ जायचे, डायनामाइट चिकटवायचे, वात पेटवून चालू लागायचे. स्फोट झाला की ठिपका पुसला जातो आणि खात्यात चोरटा माल जमा होतो. तेच इथले चलन. त्यावर बंदुका आणि दारूगोळा मिळतो. एखाद्या शिपायाला मागून गाठून आवाज न करता मारले तर त्याचा गणवेश चढवता येतो. मग पावले मोजून टाकायची. धावलात, भिंत चढलात, अधिकाऱ्याच्या फार जवळून गेलात तर संशयाचे माप भरत जाते. गेममधला सर्वात चांगला भाग हाच. गणवेशात असताना हात कळफलकावर आणि श्वास घशात अडकलेला, अशी अवस्था होते. भिंती चढण्याचा भाग मात्र कंटाळवाणा आहे. प्रत्येक खाचेसाठी कळ पुन्हा दाबावी लागते आणि चार मजली इमारत चढेपर्यंत बोटाला घट्टे पडायची वेळ येते. गाड्या बऱ्या चालतात. नायक शर्यतीतला असल्यामुळे तेवढी लाज राखली आहे.

आता रंगाकडे. जर्मनांचा जिथे पूर्ण कब्जा आहे ते भाग गेम काळ्या-पांढऱ्यात दाखवतो. पाऊस, ओले दगडी रस्ते, धूर, आणि त्या करड्या गर्दीत फक्त लाल झेंडे, लाल दंडपट्ट्या, कुठे खिडकीतला पिवळा उजेड. त्या भागातली मोठी कामगिरी पार पडली की रंग परततो. आकाश निळे होते, झाडे हिरवी होतात, लोक ताठ चालू लागतात आणि अडचणीच्या वेळी तुमच्या बाजूने लढूही लागतात. निर्मात्यांनी या यंत्रणेला लढण्याच्या इच्छेचे नाव दिले आहे. म्हणजे रंग हे इथे सजावटीचे साधन नाही, शहराच्या मनोधैर्याचे माप आहे. कल्पना नवी नव्हती. 'शिंडलर्स लिस्ट'मधला लाल कोट १९९३चा, 'सिन सिटी' २००५चा. आपल्याकडे 'मुघल-ए-आझम'ने १९६०मध्येच काळ्या-पांढऱ्या चित्रपटात शीशमहालाचे गाणे रंगीत ठेवून प्रेक्षकाला गार केले होते. पण चित्रपटात रंग कधी येणार हे दिग्दर्शक ठरवतो. इथे ते खेळाडूच्या हातावर आहे, आणि ही खरी नवी गोष्ट होती.

हे पडद्यावर कसे घडते ते समजून घेतले तर समीक्षेला एक आधार मिळतो. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो, आणि सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम ग्राफिक्स कार्ड करते, शेकडो छोटे हिशेबनीस एकाच वेळी कामाला बसवून. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. चित्र काळे-पांढरे करायचे म्हणजे या तिघांची एक बेरीज करायची. जुन्या रंगीत टीव्हीच्या काळापासून चालत आलेले एक प्रमाण असे, की लालचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ पट घ्यायचे. माणसाच्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो आणि निळा सर्वात कमी, म्हणून हे वजन.

या हिशेबाने शुद्ध लाल रंगाची उजळता तीस टक्क्यांवर येते. म्हणजे तो गडद करडा होतो आणि पावसाळी भिंतीत मिसळून जातो. लाल झेंडा काळ्या-पांढऱ्या पॅरिसमध्ये गणिताने दिसलाच नसता. त्याला सूट द्यावी लागली ती नुसत्या नाट्यमयतेसाठी नव्हे. घरातले शंभर वर्षांपूर्वीचे फोटो आठवा. आजीच्या पणजीच्या कपाळावरचे कुंकू त्यात काळे ठिक्कर दिसते, कारण त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल रंग दिसतच नसे. सत्तेचा रंग नेमका तोच, जो काळ्या-पांढऱ्यात सर्वात आधी हरवतो. हे निर्मात्यांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे. पण त्यांनी योग्य जागी अपवाद केला.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या पद्धतीत राखाडी पॅरिस रंगीत पॅरिसपेक्षा स्वस्त पडत नाही. बऱ्याच जणांचा समज असतो की रंग काढले म्हणजे कार्डाचे काम हलके झाले. तसे होत नाही. कार्ड आधी झाडाचा हिरवा, कौलाचा तांबूस, नदीचा निळा सगळे काही मोजते, सावल्या आणि उजेड लावते, आणि मग शेवटच्या टप्प्यावर ते रंग टाकून देते. जर्मनव्याप्त पॅरिसमध्येही प्रत्येक क्षणाला पूर्ण रंगीत पॅरिस तयार होत असते, फक्त ते पडद्यापर्यंत पोहोचू दिले जात नाही. व्याप्त शहराबद्दल या गेमच्या संवादांमध्ये जे कुठेच नाही, ते त्याच्या आकडेमोडीत आहे. संवाद अगदी सुमार आहेत. शॉनची आयरिश शिवीगाळ दुसऱ्या तासानंतर ऐकवत नाही.

आता त्या कार्डांची कथा. गेम बाजारात आला तेव्हा एटीआय कंपनीच्या कार्डांवर तो नीट चालत नव्हता. चित्र फाटे, गेम कोसळे. स्टुडिओ बंद, माणसे घरी, आणि ग्राहक अडकलेले. एक कच्चे ठिगळ त्याच महिन्यात दिले गेले आणि बहुतेकांचे काम भागले. पण त्या काही दिवसांत एक विचित्र स्थिती होती. एकाच संहितेच्या दोन आवृत्त्या झाल्या होत्या. एनव्हिडियाचे कार्ड असलेल्याने पॅरिस मुक्त केले आणि एटीआयवाल्याला पॅरिसमध्ये प्रवेशच मिळाला नाही. प्लेस्टेशन ३वर आणखी वेगळा पाठ. तिथे ग्राफिक्सच्या चिपऐवजी मुख्य प्रोसेसरच्या सहायक भागांकडून ठिपक्यांच्या दातेरी कडा शोधून त्या गुळगुळीत केल्या जात. त्या वेळी ही पद्धत नवी होती आणि जाणकारांनी तिचे कौतुक केले. तोच गेम एक्सबॉक्स ३६०वर दातेरीच राहिला. काळ्यावर पांढरी अशी टोकाची कड जिथे पदोपदी येते, त्या चित्रात हा फरक डोळ्यात भरणारच.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. कुठल्या लिपीतल्या, कुठल्या प्रांतातल्या पोथीत कोणता श्लोक आहे आणि कोणता नाही, हे प्रत्येक पानाखाली नोंदवले. मला गेमच्या बाबतीत तेच करावेसे वाटते. गेमची 'एक' संहिता नसते. कार्ड, चालक सॉफ्टवेअर, पडद्याचे माप, लावलेले ठिगळ, एवढ्या सगळ्यांची मिळून एक पोथी होते. २००९मध्ये डोंबिवलीत वाचली गेलेली पोथी आणि लॉस एंजेलिसमध्ये चाचणी झालेली पोथी यांत पाठभेद आहेत, आणि ते नोंदवणारे कोणी नाही.

डोंबिवलीची पोथी कशी होती ते थोडे सांगतो. बहुतेक घरांत सतरा इंची पडदा, १२८० बाय १०२४चा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले कार्ड असे घ्यायचे की ज्याला वेगळी वीजजोडणी लागणार नाही, म्हणजे जे मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागवेल. कारण स्वस्तातल्या डब्याबरोबर येणाऱ्या पॉवर सप्लायवर कोणाचा भरवसा नव्हता. आणि भारनियमन. मुंबई झगमगत असे आणि ठाण्याची खाडी ओलांडून पुढे आले की वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून वीज जाई. यूपीएस पाच-दहा मिनिटे तग धरी. अर्धवट कामगिरी पुन्हा पहिल्यापासून खेळणे हा या भागातल्या खेळाडूंचा नेहमीचा अनुभव. गेममध्ये जर्मन शिपाई, बाहेर महावितरण, असे आमच्या इमारतीतली पोरे म्हणत.

मी हा गेम दोन यंत्रांवर खेळलो. एक त्या काळातले साधे कार्ड, ठिगळ लावल्यानंतर, रिझोल्युशन उतरवून. दुसरे दहा वर्षांनंतरचे जीटीएक्स १६५०, ४ जीबीचे, तेही ७५ वॉटचेच. जुन्या कार्डावर एक गोष्ट लक्षात आली ती नव्यावर तपासून पाहिली. राखाडी भाग सुंदर दिसतो आणि रंगीत भाग सामान्य. काळ्या-पांढऱ्यात भिंतींची पुसट चित्रे, गवताचे चपटे तुकडे, चेहऱ्यांची मेणचट कातडी हे सगळे पावसाआड लपते. रंग आला की २००९चा मध्यम दर्जाचा गेम उघडा पडतो. कार्ड जितके दुबळे, तितकी ही तफावत मोठी. नव्या कार्डाने कडा स्वच्छ झाल्या, हालचाल लोण्यासारखी झाली, पण तफावत गेली नाही. गेम म्हणतो रंग म्हणजे स्वातंत्र्य, आणि डोळा म्हणतो पारतंत्र्यच बघायला छान होते. मी मोंमार्त्रजवळचा एक भाग बरेच दिवस मुक्त केला नाही, कारण तिथला पाऊस मला आवडत होता. हा गेमचा सर्वात मोठा दोष आहे, आणि त्याच्याबद्दल लिहावेसे वाटण्याचे मुख्य कारणही.

कारण खरे पॅरिस याच्या उलट होते. १९४१ ते १९४४ या काळात आंद्रे झुक्का हा फ्रेंच छायाचित्रकार जर्मनांच्या 'सिग्नाल' या प्रचारपत्रिकेसाठी काम करत होता. सामान्य माणसाला दुर्मीळ असलेली जर्मन आग्फा कंपनीची रंगीत फिल्म त्याला मिळे. (आग्फाच्या जर्मनीतच १९३३मध्ये शांतारामबापू प्रभातचा 'सैरंध्री' रंगवून घ्यायला गेले होते आणि निराश होऊन परतले होते. तंत्र तेव्हा कच्चे होते.) झुक्काची छायाचित्रे २००८मध्ये, या गेमच्या आदल्याच वर्षी, पॅरिसच्या ऐतिहासिक ग्रंथालयाने प्रदर्शनात मांडली आणि मोठा गदारोळ झाला. छायाचित्रांत ऊन होते, फुलाफुलांचे कपडे होते, बागेत बसलेल्या बायका होत्या, रंगीत चष्मे होते. उपासमार, धरपकड, रांगा जवळपास नव्हत्या. प्रेक्षकांना सावध करणारे पत्रक वाटावे लागले. ज्या पॅरिसमधून जुलै १९४२मध्ये दोन दिवसांत सुमारे तेरा हजार यहुदी धरून नेले गेले, आणि धरणारे फ्रेंच पोलीस होते, ते पॅरिस रंगीतच होते. त्या सकाळीही झाडे हिरवीच असणार.

'द सॅबटूर'ला हे पेलत नाही. त्याच्या रंगयोजनेत अत्याचार आणि ऊन एका चौकटीत बसू शकत नाहीत. म्हणून फ्रेंच सहकार्याचा प्रश्न कथेच्या कडेला राहतो आणि शत्रू म्हणजे जर्मन गणवेश, एवढे सोपे समीकरण उरते. गंमत अशी की झुक्काने रंग वापरून आणि पँडेमिकने रंग काढून एकच केले. दोघांनीही व्याप्त शहर देखणे केले. पॅरिसच्या आकाशात तरंगणारी झेपेलिने त्याच देखणेपणाची. प्रत्यक्षात जर्मनीने उरलेली झेपेलिने १९४०च्या वसंतात मोडीत काढली होती.

नायकामागचा खरा माणस मात्र देखणेपणाच्या पलीकडचा होता. विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, इंग्रज बाप आणि फ्रेंच आई. १९२९ची पहिली मोनॅको ग्रां प्री त्याने हिरव्या बुगाटीतून जिंकली. युद्धात तो ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेत गेला, पॅरिसच्या परिसरात त्याने जाळे विणले आणि रोबेर बेनुआ या दुसऱ्या शर्यतपटूला सोबत घेतले. ऑगस्ट १९४३च्या सुरुवातीस तो पकडला गेला आणि १९४५मध्ये साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत त्याला मारले. बेनुआला त्याआधीच बुखेनवाल्डमध्ये फाशी दिले होते. त्याच उन्हाळ्यात, त्याच पॅरिसमध्ये, त्याच संघटनेची बिनतारी संदेश पाठवणारी नूर इनायत खान हातात पेटी घेऊन घरे बदलत होती. तिचे वडील इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते आणि बडोद्याची संगीतशाळा त्यांनीच उभी केली. नूर ऑक्टोबर १९४३मध्ये पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउमध्ये तिला गोळी घातली गेली. ग्रोव्हर-विल्यम्स काय किंवा नूर काय, त्यांच्या कामाचा मोठा भाग वाट पाहण्याचा, लपण्याचा, योग्य माणसावर विश्वास टाकण्याचा होता. गेममध्ये यातला लपण्याचा भाग तेवढा थोडा आला, गणवेशाच्या रूपाने.

आणि आता सिद्धगड. शॉन डेव्हलिनचा काळ आणि आझाद दस्त्याचा काळ एकच आहे, महायुद्धाचा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, माथेरानच्या एका नाभिक घरात १९१२मध्ये जन्मले, वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले. बेचाळीसमध्ये भूमिगत होऊन त्यांनी कर्जत-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात आझाद दस्ता उभा केला. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे एकामागून एक पाडले. खोपोली आणि भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रांवर मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने चालत होते, ही साखळी त्यांनी नेमकी ओळखली होती. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावले. खबर फुटली, आणि २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पडले. आज सिद्धगड ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात आहे. दरवर्षी २ जानेवारीला माणसे तिथे जातात.

मनोरा आणि मनोरा. गेममधला टेहळणीचा मनोरा पडला की खात्यात माल जमा होतो आणि ठिपका जातो. मुरबाडकडचा विजेचा मनोरा पडला की पोलीस गावात शिरत. बेचाळीसच्या चळवळीत सरकारने गावांवर सामुदायिक दंड बसवले, हे या भागात आणि देशभर घडले. फ्रान्समध्ये याचे रूप अधिक भीषण. नाँतमध्ये २० ऑक्टोबर १९४१ रोजी एका जर्मन अधिकाऱ्याला गोळी घातली गेली आणि दोन दिवसांनी ४८ ओलीस ठार मारले गेले, त्यांतले २७ शातोब्रियांमध्ये. स्वतः भूमिगतांमध्ये यावर वाद झाले. एक मनोरा आणि किती माणसे, हा प्रश्न प्रत्येकाला पडला असणार. 'द सॅबटूर'मध्ये हजारावर लक्ष्ये उडवा, एकाही गल्लीत त्यासाठी कोणाला भिंतीशी उभे केले जात नाही. रस्त्यावरचा शिपाई तुमच्या मागे लागतो, सायरन वाजतो, तुम्ही लपता, सायरन थांबतो. हिशेब मिटला. मला वाटते, गेममध्ये काय नाही असे विचारले तर हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर क्रमाबद्दल आहे. गेममध्ये आधी स्फोट, मग रंग, मग लोकांची साथ. कर्जतकडे क्रम उलटा होता. भूमिगत होण्याच्या कितीतरी आधी कोतवालांनी सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी धान्यकोठी काढली होती. पावसाळ्याच्या ओढगस्तीत ज्याने धान्य दिले त्याला पुढे जंगलात भाकरी मिळाली. लढण्याची इच्छा आधी कोठीत साठवली गेली, मनोरे नंतर पडले. पॅरिसमध्ये शॉनला कोणाच्या घरची भाकरी लागत नाही. त्याला लागतो तो चोरटा माल, आणि तो स्फोटातून मिळतो.

यावर एक आक्षेप येईल तो रास्त आहे. धान्यकोठीचा गेम कोण खेळेल? पण गेमची भाषा एवढी दरिद्री नाही. शेती करणारे, दुकान चालवणारे, शहर वसवणारे गेम जगभर लाखो लोक खेळतात. आणि हे घडवण्याचे कौशल्य आपल्याकडे नाही असेही म्हणता येणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' हा गेम काढून जगाच्या बाजारात नेऊन दाखवला. ७५ वॉटच्या कार्डावर काळोखातले सिद्धगडचे जंगल उत्तम दिसेल, त्याला आठ आकडी बजेट लागत नाही. अडेल ते दुसरीकडेच. काळे-पांढरे कुठे संपवायचे? १५ ऑगस्टला रंग आणला तर २ जानेवारीच्या सकाळचे काय करायचे, त्या दिवशीही हिवाळ्यातले ऊन पडले असणार. आणि मनोरा पडल्यावर खात्यात मालाचा आकडा वाढत असताना, गावावर बसलेल्या सामुदायिक दंडाचा आकडा पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात दाखवायचा?